उंच माणसाचा आरसा

गाडी शिकायला आलेल्या माणसाला ब्रेकबाई पहिल्या दिवशी किल्लीला हात लावू देत नसे. आधी सीट पुढेमागे करून नीट बसायचं, मग पट्टा, मग आरसा. आरशावर तर तिचा भारी कटाक्ष. "आरसा आपल्या उंचीला लावून घ्यायचा," ती म्हणायची. "तुमच्या आधी इथे कोण बसलं होतं आणि त्याला काय दिसत होतं, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही." हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की शेजारच्या दातांच्या दवाखान्यातली मदतनीस भिंतीपलीकडून तिची हुबेहूब नक्कल करायची.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. एका अंगाला दातांचा दवाखाना, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सचं दुकान. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा कोपरे दुमडलेला तक्ता, बाकाच्या फाटक्या गादीतून डोकावणारा स्पंज, आणि दारात उभी पांढरी गाडी. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. बाईंचं नाव पडलं ते त्यावरून. शिकणाऱ्याला समोरचा सायकलवाला दिसायच्या आत हिचा पाय पडलेला असायचा. वर्षानुवर्षं पाय असा तयारीत ठेवून ती सवय हाडात भिनली. घरी टीव्हीवर कोणी रस्ता ओलांडू लागलं तरी ती फरशी दाबायची.

"अगं, घर कुठे धडकतंय का?" नवरा विचारायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टवाला म्हणूनच त्याला ओळखत. माणूस ताडमाड उंच. इमारतींच्या माथ्यावरच्या त्या बुटक्या यंत्रखोल्यांत दिवसभर वाकून काम करायचा आणि घरी आला की दारातच अंग ताणून हाडं मोडायचा. बायको अख्ख्या गावाला गाडी शिकवायची, पण हा पठ्ठ्या जन्मात कधी तिच्या शेजारी बसला नाही. "तुझ्या शेजारी बसायचं म्हणजे परीक्षा," म्हणायचा, "आणि मला नापास व्हायचं नाही." मोटरसायकलचंही तेच. मोटरसायकल तिलाही झकास चालवता यायची, तरी ती पुढे आणि हा मागे, हे त्याला कदापि मंजूर नव्हतं. मेलो तरी तुझ्या मागे बसणार नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं होतं.

आणि मेल्यावर येऊन बसला.

पण ते ओळीने सांगायला हवं. लिफ्टवाल्याचे तीन मित्र होते. शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर, एक बेकरीवाला आणि एक वेल्डर. चौघांच्या चार जुन्या मोटरसायकली. वर्षातून एकदा, थंडीच्या कोरड्या दिवसांत, पहाटे निघायचं, तीन घाट चढून उतरून दिवेलागणीला घरी यायचं, असा त्यांचा ठरलेला रिवाज. त्यात एक नियम होता, आणि तो मास्तरांनी शाळेतल्यासारखा सगळ्यांकडून घोटून घेतला होता. चौघांनी माळेसारखं एकामागे एक जायचं, दिवसाही दिवे लावून. पुढच्याने मागच्याचा दिवा आपल्या आरशात ठेवायचा. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. थोडा वेळ वाट बघूनही आला नाही तर वळायचं. जो थांबला त्याचा दिवा त्याच्या पुढच्याला दिसेनासा होतो, म्हणून तोही थांबतो, आणि अशी सगळी माळ आपोआप उभी राहते. पुढे कोण आहे याची फिकीर करायची नाही. आपल्याला सांभाळायचा तो मागचा. शेवटच्या गड्याला शेपूट म्हणत. शेपटाच्या मागे कोणी नसे, त्याने फक्त पुढच्यावर विश्वास ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वी शेपूट होता लिफ्टवाला. त्याच्या पुढे वेल्डर. तिसऱ्या घाटात, वरून चौथ्या वळणावर जिथे रस्ता जरा रुंद होतो आणि दरीच्या बाजूला दगडी कठडा आहे, तिथून त्याचा दिवा वेल्डरच्या आरशातून गेला. वेल्डर लगेच वळला. खाली येऊन बघतो तर गाडी स्टँडवर नीट लावलेली, किल्ली बंद, हेल्मेट आरशाला अडकवलेलं आणि लिफ्टवाला कठड्यावर दरीकडे तोंड करून बसलेला. वेल्डरने त्याला चार शिव्या हासडल्या. देखावा बघायला हीच वेळ सापडली का, म्हणाला. मग खांद्यावर हात ठेवला आणि त्याला कळलं. हृदय बंद पडलं होतं. कुणाचा धक्का नाही की कुठे खरचटलं नाही. माणूस गेला आणि गाडी धडधाकट घरी आली.

ती गाडी कितीतरी महिने ताडपत्रीखाली होती. मग एका रविवारी ब्रेकबाईने ती नुसती बॅटरी उतरू नये म्हणून चालू केली आणि सहज चौकापर्यंत चक्कर मारली. गाडीला आरसा एकच. दुसरा कधीतरी फुटला होता आणि लिफ्टवाल्याचं म्हणणं, मागे बघायला एक पुरे. तो आरसा त्याच्या उंचीला लावलेला. तिने खालून बघितलं तर त्यात रस्ता नव्हताच. आभाळ होतं, झाडांचे शेंडे होते, एका गच्चीवरची पाण्याची टाकी होती. जगात कुणाचाही आरसा असा दिसला असता तर तिने त्याला गाडीवरून खाली उतरवून भाषण दिलं असतं. पण हा शेवटचा त्याच्या बोटांनी फिरवलेला होता. तिने हात लावला नाही.

चौकातून परत येताना गाडीचं मागचं अंग दबलं, डबलसीट असल्यासारखं. आणि आरशाच्या आतल्या कोपऱ्यात, आभाळाच्या कडेला, तांबड्या रंगाची एक गोलसर कड दिसली. लिफ्टवाल्याचं हेल्मेट तांबडं होतं. तिने गर्रकन मान वळवली. मागची सीट रिकामी होती. त्यानंतर कित्येक रविवार कोपऱ्यात काही आलं नाही, मागचं अंग दबलं नाही, आणि तिला घरात जेवण जाईना. पुन्हा जेव्हा ती कड दिसली, तेव्हा तिने कानाला खडा लावला. मागे वळून बघायचं नाही. आरशाला हात लावायचा नाही. उंच माणूस होता, उंच आरशातच दिसणार. आरसा खाली आणला की तो गेला.

मग रविवारची चक्कर ठरूनच गेली. ती गाडी चालवायची आणि बोलायची. कोणाचा क्लच कसा सुटतो, कोणती बाई गिअर टाकताना डोळे मिटते, झेरॉक्सवाल्याने कसा उगाच वाद घातला. मागून उत्तर येत नसे. जिवंतपणीही हा माणूस फारसा कुठे उत्तर द्यायचा! ती वेडी झाली नव्हती. आठवडाभर तिचं सगळं सुरळीत चालायचं, हिशोबी, वेळच्या वेळी. फक्त तिला तो हवा होता, आणि जसा मिळत होता तसा ती घेत होती.

मित्रांनी एक वर्ष घाट केलाच नाही. यंदा मास्तर घरी आले, खुर्चीच्या काठावर बसले आणि चहा निवेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिले.

"वहिनी, यंदा जावं म्हणतोय आम्ही," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही आलात तर... म्हणजे त्याची गाडी तरी माळेत असेल."

"येते," ती म्हणाली. मास्तर इतक्या पटकन होकाराला तयार नव्हते, त्यांचा चहा बशीत सांडला.

ते गेल्यावर मात्र तिच्या डोळ्यांसमोर रस्ता आला. तिसरा घाट, चौथं वळण, तो कठडा. तिथे पोचल्यावर तो उतरून गेला तर? एकदा जिथे उतरला होता तिथेच. आठवडाभर तिला दुसरं काही सुचलं नाही. कामावर एका मुलीने थेट फुटपाथवर गाडी चढवली, तरी हिचा पाय ब्रेकवर पडायला उशीर झाला. शेवटी तिने मनाशी पक्कं केलं. थांबायचं नाही. त्या वळणावरून सरळ वर निघून जायचं, मागे न बघता. मग तो उतरेल कसा?

निघायच्या दिवशी पहाटे नणंद फाटकापर्यंत आली. ही लिफ्टवाल्याची थोरली बहीण, लग्न न केलेली, त्यांच्याच घरात राहणारी, बोलायला फटकळ. भावाच्या गाडीवर वहिनीने बसणं तिला आधी रुचलं नव्हतं. पण गेले काही महिने ती रविवारी खिडकीत उभी राहून गाडी येतानाचा आवाज ऐकायची.

"डबा घेतलास?"

"घेतला, ताई."

"गरम घातलंस ना आतून?" तिने गाडीकडे बघितलं, सीटकडे बघितलं, आणि पदराने हात पुसत म्हणाली, "सावकाश जा गं दोघं."

ब्रेकबाईने तिच्याकडे चमकून बघितलं. नणंद तोवर आत वळली होती. चूक दुरुस्त करायला कोणी थांबलं नाही, आणि खरं सांगायचं तर ब्रेकबाईला ती चूक वाटलीच नाही.

गावाबाहेर तिघे वाट बघत होते. बेकरीवाल्याच्या मिशांवर नेहमीसारखं पीठ होतं आणि टाकीवर बिस्किटांचा डबा बांधलेला.

"ब्रेकबाई, आज ब्रेक कमी, हं!" तो ओरडला. "मागच्यांची दाणादाण होईल."

मास्तरांनी क्रम लावला. पुढे ते स्वतः, मग बेकरीवाला, मग वहिनी. वेल्डर बुटका, काटक माणूस, हातांवर ठिणग्यांचे डाग, डोळे कायम लालसर. गेली दोन वर्षं तो अधूनमधून घरी यायचा, दाराची कडी जोडून द्यायचा, फाटकाचं बिजागर बसवून द्यायचा आणि पाणीही न पिता जायचा.

"शेपूट मी," तो म्हणाला.

"म्हणजे वहिनी, वेल्डर तुमचा," मास्तरांनी सांगितलं. "त्याचा दिवा तुमच्या आरशात."

तिने मान हलवली. माझ्या आरशात आभाळ दिसतं, हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तिच्या ओठांवर आलंही. पण सांगितलं असतं तर मास्तर उठून म्हणाले असते, त्यात काय, लावून घ्या ना. आणि खिशातून पाना काढून बेकरीवाल्याने तो फिरवलाही असता. म्हणून मूग गिळून गप्प बसली.

पहिल्या घाटात निभावलं. घाटाचा रस्ता उलटसुलट वळतो, त्यामुळे वळण घेतलं की आपण आलो तो रस्ता बाजूलाच खाली दिसतो. मान मागे न फिरवता तिला वेल्डरचा दिवा खालच्या पट्टीवर दिसत होता. आरशात आभाळ, आभाळाच्या कडेला तांबडं हेल्मेट, आणि खाली डाव्या हाताला वेल्डर. सगळेच तिच्या नजरेत होते. तिला वाटलं, जमतंय की! थंड हवा नाकात झोंबत होती, इंजिन एका सुरात होतं, आणि कित्येक दिवसांनी ती मोकळी हसली. दुसरा घाटही तसाच गेला. खिंडीत ढगाचा एक पुंजका आडवा आला, पण तो रस्ता सोडून पलीकडे निघून गेला.

दोन घाटांमधल्या टपरीवर चहा झाला. बेकरीवाल्याने डबा उघडला. वेल्डरने हातानेच नको म्हटलं.

"माझ्या बिस्किटाला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर माझ्यावर रुसलेला," बेकरीवाला म्हणाला. "यातलं तुझं कोणतं?"

"भूक नाही."

"घाबरलायस काय?"

वेल्डरने दंड चोळला आणि समोरच्या डोंगराकडे बघितलं. तिसऱ्या घाटाचा वरचा अर्धा भाग ढगात गेलेला होता. "हो," तो म्हणाला. बेकरीवाल्याने डब्याचं झाकण लावलं.

तिसऱ्या घाटाच्या पायथ्याशी मास्तरांनी पुन्हा बजावलं. वर धुकं आहे, अंतर कमी ठेवा, आरशात डोळ्यांत तेल घालून बघा. मग माळ चढू लागली. पहिली काही वळणं स्वच्छ होती. नंतर धुकं असं उतरलं की पुढची लाल बत्ती तेवढी राहिली. खालची पट्टी गेली, दरी गेली, कठडे गेले. वेल्डर कुठे आहे हे बघायचं तर आता दोनच मार्ग होते. मान वळवायची, नाहीतर आरसा फिरवायचा.

तिने आरशात बघितलं. त्यातलं आभाळही धुक्याने भरलं होतं आणि त्या पांढऱ्यावर तांबडं हेल्मेट कधी नव्हे इतकं उठून दिसत होतं. नुसती कड नव्हती आज. अर्धं हेल्मेट होतं, काच वर केलेली, आणि खाली तपकिरी जाकिटाचा खांदा. तो खांदा वळणाबरोबर बरोबर झुकत होता, जाणत्या माणसासारखा. तिच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

"अहो, आलंय हं जवळ," ती म्हणाली. "उतरायचं नाही. सांगून ठेवते. आज मी थांबणार नाही."

मागून हॉर्न ऐकू आल्यासारखं झालं. एकदा, मग पुन्हा. घाटात हॉर्न वाजतातच, तिने म्हटलं. समोरच्या धुक्यात मागून एक उजेड उघडझाप करून गेला, तोही तिला दिसला, पण तिचं सगळं ध्यान त्या कोपऱ्यात होतं. रस्ता रुंद झाला. कठडा आला. तिने श्वास रोखला, गिअर उतरवला आणि गाडी वर खेचली. कठडा मागे पडला. हेल्मेट होतं तिथेच होतं. तो उतरला नव्हता! ती मोठ्याने हसली, रडली, काहीबाही बोलत राहिली. चार वळणं कशी गेली तिला कळलं नाही.

माथ्यावर धुकं विरळ होतं. मास्तर आणि बेकरीवाला गाड्या लावून उभे होते. ती आली, तिने इंजिन बंद केलं. घाटातून कसलाच आवाज येत नव्हता.

"वेल्डर?" मास्तरांनी विचारलं.

तिने हेल्मेटची काच वर केली.

"वहिनी, दिवा शेवटचा कुठे दिसला?"

"मी बघितलाच नाही," ती म्हणाली. "धुकं लागल्यापासून एकदाही नाही. माझ्या आरशात दिसत नाही मागचं. मी... मी सांगितलं नाही तुम्हाला."

मास्तरांचा चेहरा पडला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बेकरीवाल्याने मिशीवरून हात फिरवला आणि निमूट हेल्मेट चढवलं. नियमाप्रमाणे ज्याच्या आरशातून दिवा गेला तो पहिला वळतो. तिने गाडी वळवली. हात सवयीने काम करत होते. ती एकच गोष्ट घोकत होती. पडला असू दे, हाडं मोडलेली असू देत, फक्त ओरडण्याचा आवाज येऊ दे.

आवाज आला नाही. वरून चौथ्या वळणावर, धुक्यात, एक गाडी स्टँडवर नीट लावलेली दिसली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. आणि कठड्यावर, दरीकडे तोंड करून बसलेला माणूस.

हे चित्र तिने पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं, दोन वर्षं रोज. आता ते डोळ्यांसमोर होतं. ती गाडीवरून उतरली कशी, चालली कशी, तिला आठवत नाही. वेल्डरच्या खांद्यावर हात ठेवायला तिचा धीर होत नव्हता. खांद्यावर हात ठेवला की कळतं.

"वहिनी," खांदा म्हणाला, म्हणजे वेल्डरच म्हणाला, मान न वळवता. "क्लचची वायर तुटली."

तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. कारण तिने बाजूला येऊन त्याचं तोंड बघितलं. राखेसारखं झालं होतं. एवढ्या थंडीत कपाळावरून घाम निथळत होता आणि एका हाताने त्याने दुसरा दंड आवळून धरला होता.

"ढकलत आणली इथवर," तो थांबत थांबत म्हणाला. "मग छातीत भरून आलं. वायर तुटली तेव्हाच हॉर्न दिला होता मी. दिवा चालूबंद केला. तुमची बत्ती दिसत होती. जातच राहिली." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नवल होतं. "म्हटलं, असू दे, वहिनींना कळेल. शेपटाने बसून राहायचं. पुढचा येतोच."

"चूक माझी आहे, भावजी."

"त्या दिवशी मी लगेच वळलो होतो," वेल्डर म्हणाला. "एकही वळण जास्त गेलो नव्हतो. मला वाटायचं, तुम्हाला वाटत असेल की मी उशीर केला. बसल्या बसल्या आज तेच डोक्यात. तोही असाच बसला असेल ना, माझी वाट बघत?"

तिने त्याचे दोन्ही हात धरले. त्याच्या हातांचे ते ठिणग्यांचे खडबडीत डाग तिच्या तळव्याला लागले. दोन वर्षं हा माणूस तिच्या घराची बिजागरं बसवत होता आणि तिने त्याला कधी एवढंही सांगितलं नव्हतं. "नाही वाटलं मला तसं. कधीच नाही," ती म्हणाली. "आता बोलू नका. उठा."

मास्तर आणि बेकरीवाला येऊन पोचले. या धुक्यात दुसरं वाहन कधी येईल याचा नेम नव्हता, फोनला रेंज नव्हती. पायथ्याला दवाखाना होता. बेकरीवाल्याच्या मागच्या सीटवर सामान लोखंडी पट्ट्यांनी जखडलेलं, मास्तरांची सीट एकट्याचीच. लांब, रुंद, मोकळी सीट एकाच गाडीला होती.

मोकळी! तिने आपल्या गाडीकडे बघितलं. ती तिथेच उभी होती, जिथे ती उभी राहू नये म्हणून तिने आठवडाभर जिवाचा आटापिटा केला होता. ती पुढे बसली. आरशात बघितलं. पांढऱ्या धुक्यावर तांबडं हेल्मेट, तपकिरी खांदा. स्टँडवरून काढताना गाडीचं मागचं अंग दबलेलंच होतं. मास्तर वेल्डरला धरून आणत होते.

"अहो," ती म्हणाली. "उतरा आता. माणूस बसायचाय."

"कुठे उतरू, वहिनी?" वेल्डरने गोंधळून विचारलं. तो अजून चढलाही नव्हता.

"तुम्ही नाही, भावजी. तुम्ही बसा."

मागचं अंग हलकं झालं. गाडी बोटभर वर आली, तिला ते मांड्यांना कळलं, आणि मग वेल्डरच्या वजनाने पुन्हा खाली गेली. मास्तरांनी आपला मफलर काढून दोघांच्या कमरेभोवती आवळून बांधला. "वहिनी, तो मागे कलंडला तर तुम्हाला दिसायला हवा," ते म्हणाले. वेल्डर बुटका होता. त्या उंच आरशात तो कधीच दिसला नसता.

तिने आरशाला हात घातला. नट गंजून बसला होता. एका हाताने फिरेना, तिने दोन्ही हात लावले, दात आवळले, आणि तो करकरत खाली आला. आधी आभाळ गेलं. मग वेल्डरचं कपाळ आलं, मिटलेले डोळे आले, त्याच्या खांद्यावरून ओला रस्ता आला, आणि रस्त्यावर बेकरीवाल्याचा दिवा. कठड्याकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडी हलली नसती.

"भावजी, झोपायचं नाही. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"मला शिव्या द्या."

तो क्षीण हसला, ते तिला आरशात दिसलं. संपूर्ण घाट उतरेपर्यंत ती त्याला प्रश्न विचारत राहिली आणि दर वळणावर आरशात बघत राहिली, पहिल्या दिवशी शिकायला आलेल्या मुलीसारखी.

दवाखान्यातल्या डॉक्टरने वेल्डरला आत घेतलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन सांगितलं की हृदयाचाच झटका आहे, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. त्याच्या बायकोला फोन करून मोठ्या इस्पितळात यायला सांगितलं, रुग्णवाहिका आली, त्याला घेऊन गेली. बेकरीवाला सोबत गेला. मास्तर ब्रेकबाईबरोबर बाकावर बसले. उठताना म्हणाले, "पुढच्या खेपेला आधी आरसे तपासू." तिने मान खाली घातली. पुढच्या खेपेलाही ते तिला नेणार होते, हे कळून तिला रडू आलं.

घरी पोचायला दिवेलागण झाली. वाटभर आरशात रस्ता होता, मागून येणारे ट्रक होते, मास्तरांचा दिवा होता. गाडी हलकी चालत होती, इतकी हलकी की तिला ती कुणा परक्याची वाटत होती. एकदा सवयीने तिच्या तोंडून "अहो, ऐकलंत का" निघालं, आणि तिने ते अर्धवटच सोडून दिलं.

नणंद फाटकातच उभी होती. तिने लांबूनच आवाज ऐकला असणार. गाडी थांबली तशी ती पुढे आली. तिने मागच्या सीटकडे बघितलं. मग आरशाकडे बघितलं. भावाने लावलेला तो आरसा खाली वळलेला होता आणि गंजाची ताजी खूण नटाभोवती दिसत होती.

"एकटीच आले, ताई," ब्रेकबाई म्हणाली.

नणंदेने फाटकाची सळई धरली.

"कुठे उतरला?" तिने विचारलं.

"तिथेच. मीच सांगितलं त्यांना."

"काही बोलला?"

"नाही. लगेच उतरले." तिने हेल्मेट काढलं, आरशाला अडकवायला गेली आणि हात मागे घेतला. "शहाण्यासारखे."